डाव्या पायाची कड

“डाव्या पायात नेमकं काय बसवलं होतं, चाचा?”

हा प्रश्न विश्वजित चौगुलेने गेल्या सहा महिन्यांत वीसएक वेळा विचारला असेल. दस्तगीर मिस्त्री दरवेळी तो ऐकून घेत आणि हातातला पत्रा उलटा करून पुन्हा ठोकायला लागत.

आज त्यांच्या हातात पत्रा नव्हता. उद्यमनगरातल्या शेडमध्ये विश्वजितच्या मंडळाच्या लोकांनी त्यांना खुर्ची दिली होती, आणि समोर पोलादराव उभा होता.

पोलादराव म्हणजे कोल्हापुरातच निघालेल्या एका जुन्या कृष्णधवल चित्रपटातला यंत्रमानव. अठ्ठावन्न वर्षांपूर्वी भिंतीभिंतीवर त्याची जाहिरात लागली होती : ‘विजेवर चालणारा माणूस’. शेवटच्या प्रसंगात तो राजवाड्याच्या दरवाजातून बाहेर पडतो आणि माळावरून एकटाच निघून जातो. डावा पाय जरासा फरफटतो, थबकतो, खांदा वर उचलला जातो, मग पुढचं पाऊल. ती चाल बघून बाया पदराने डोळे पुसत. पुढे स्टुडिओ बंद पडला आणि पोलादराव भंगारात गेला. त्याचा पत्रा ज्यांनी ठोकला होता, ते दस्तगीर मिस्त्री तेवढे मागे राहिले.

विश्वजितच्या यंत्रछंद मंडळात सात माणसं. कुणी बँकेत, कुणी शाळेत, विश्वजित स्वतः इंजिनिअर. तीन वर्षं दर रविवारी जमून त्यांनी हुबेहूब तसाच पोलादराव उभा केला होता. आतला मोटारींचा सांगाडा विश्वजितचा. वरचा पत्राही त्याचाच. त्यासाठी तो मिस्त्रींच्या दुकानात पत्र्याच्या धान्यकोठ्यांमध्ये मांडी घालून बसला, पत्रा ठोकायची लाकडी मोगरी धरायला शिकला, बोटं ठेचून घेतली. डोकं तयार झालं त्या दिवशी मिस्त्रींनी त्यावरून तळहात फिरवला आणि म्हणाले, “जमलं.”

तो एक शब्द विश्वजितने गावभर सांगितला.

चाल मात्र जमली नव्हती.

रविवारी प्रदर्शन होतं. आज गुरुवार.

“परत चालव,” मिस्त्री म्हणाले.

विश्वजितने बटण दाबलं. पोलादराव शेडच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेला. डावा पाय फरफटला, थबकला, खांदा उचलला. प्रत्येक पावलाला अगदी तेवढाच.

“बघितलंत? सगळं आहे, पण ती चाल नाही. मूळ चित्रपटात थबकणं कधी कमी आहे, कधी जास्त. मी एकेक पाऊल मोजलंय. एकही दुसऱ्यासारखं नाही. त्यामागं काहीतरी युक्ती असणार, चाचा. मला सापडत नाही.”

मिस्त्री पोलादरावाच्या डाव्या घोट्याकडे बघत होते.

“ही कड दुमडली न्हाईस.”

“चित्रपटाच्या जुन्या फोटोत दुमडलेली नाही. बाकी सगळ्या कडा दुमडलेल्या आहेत, एवढी एकच नाही. मी भिंग लावून पाहिलंय. आपलं काम म्हणजे मुळाबरहुकूम.”

“व्हय…” मिस्त्री म्हणाले. “मुळाबरहुकूम हाय.”

ते त्या कडेकडेच बघत राहिले. मंडळाचे लोक एकमेकांकडे बघू लागले. चहा आला, मिस्त्रींनी तो घेतला नाही.

“सांगाडा काढ भायेर,” ते म्हणाले.

“कशाला?”

“काढ की.”

विश्वजितला राग आला. त्या सांगाड्यात त्याची तीन वर्षं होती. पण समोर ज्यांना तो गुरू म्हणत होता ते बसले होते, आणि भोवती मंडळ उभं होतं. त्याने बोल्ट सोडायला घेतले. तासभर गेला. शेवटी सांगाडा एका बाजूला आणि पत्र्याचं रिकामं कवच दुसऱ्या बाजूला, असे दोन पोलादराव शेडमध्ये उभे राहिले.

“आता तू आत जा.”

कुणीतरी हसलं. विश्वजितही हसला.

त्याला मधुकर पोवार आठवला. मधुकर लेथवरचा जुना टर्नर, मंडळ सुरू झालं तेव्हा त्याच्याबरोबरचा पहिला माणूस. दोन वर्षांपूर्वी चित्रपट बघताबघता तो म्हणाला होता, “विश्वा, हे यंत्र न्हाई. ह्याला दम लागलाय बघ. आत माणूस असणार.” विश्वजितने सगळ्यांदेखत त्याला विचारलं होतं, मग आपण काय जत्रेतलं सोंग बनवतोय का. पुढचा आठवडाभर तो मधुकरला ‘सोंगवाले’ म्हणून हाक मारत होता. मधुकर त्यानंतरच्या रविवारी आला नाही. नंतर कधीच आला नाही. मंडळाच्या फलकावरचं त्याचं नाव विश्वजितने स्वतः पुसलं होतं.

“चाचा, तुम्ही म्हणजे…”

“आत जा. मग बोलू.”

तो आत गेला. मिस्त्रींनी स्वतः उठून पाठीचा पत्रा लावला, पायांची नळकांडी चढवली, पट्टे आवळले. शहाऐंशी वर्षांचे हात, पण एकदाही चाचपडले नाहीत. शेवटी डोकं बसवलं.

“चाल.”

आत कल्हईचा वास होता. डोळ्यांपुढे दोन फटी, त्यातून खुर्चीचा एक पाय आणि फरशी दिसत होती. शेडच्या छपराचा सिमेंटचा पत्रा एप्रिलच्या उन्हाने तापला होता, आणि आतली हवा चार श्वासांतच संपल्यासारखी झाली.

त्याने उजवा पाय टाकला. मग डावा.

घोट्याच्या वर, नडगीला काहीतरी लागलं. आधी नुसतं ओरखडल्यासारखं वाटलं. दुसऱ्या पावलाला ते त्याच जागी परत लागलं. तिसऱ्याला त्याने पाय उचललाच नाही, ओढला. टेकवायच्या आधी थांबला, धीर केला, खांद्याने सगळं वजन उजवीकडे घेतलं आणि मग टेकवला.

बाहेर आवाज झाला.

टाळ्या होत्या.

“तीच!” रणजित ओरडत होता. रणजित मंडळाचा सगळ्यात शांत माणूस, बँकेतला. “अरे तीच चाल! विश्वा, थांबू नको!”

“सोडवा,” विश्वजित म्हणाला.

पत्र्यातून त्याचा आवाज बाहेर गेला तो घुमून, भलताच होऊन गेला. लोक आणखी खूश झाले.

“सोडवा मला. पायाला कापतंय.”

“परत दरवाजापासून ये,” कुणीतरी म्हणालं. “फोनवर घेतोय. हळू ये.”

त्याला वळता येईना. तो भिंतीपर्यंत गेला आणि तिच्यावर पत्रा आपटून उभा राहिला. टाळ्या चालूच होत्या. फटीतून त्याला मिस्त्रींच्या चपला दिसल्या. त्या जागच्या हलल्या नव्हत्या.

किती वेळ गेला, त्याला कळलं नाही. मग पाठीचे पट्टे सुटले.

बाहेर आला तेव्हा सदरा पिळून काढावा असा झाला होता. मोजा लाल होता. रणजितने पेटीतून पट्टी आणली, जखम धुतली, बांधली. “खोल नाही,” तो म्हणाला, “पण इंजेक्शन घेऊन टाक.” आणि लगेच फोनकडे वळला. मंडळ त्या फोनभोवती जमा झालं.

विश्वजित मिस्त्रींच्या खुर्चीशेजारी फरशीवरच बसला.

“आत कोण होतं, चाचा?”

“इस्माईल. माझा धाकटा भाऊ.”

विश्वजितचा हात पट्टीवर गेला.

“पंचविशीतला. लग्नाला वरीस झालं न्हवतं. अंगानं तोच बसत हुता त्यात, म्हणून त्यो. शूटिंग सकाळी हुतं, मी कडा दुमडत बसलो हुतो. येवढी एक ऱ्हायली. म्हटलं, दुपारी करू.”

“मग?”

“पयल्याच पावलाला लागलं त्याला. लंगडला. मी कानस घिऊन धावलो. तर डायरेक्टर म्हणाला, हात लावू नका. ही चाल मला पायजे.”

विश्वजितने वर पाहिलं.

“आणि तुम्ही लावला नाहीत.”

“न्हाई.”

“किती दिवस?”

“अकरा.”

“अकरा दिवस… कानस कुठं होती तुमची?”

“खिशात.”

मिस्त्रींचा आवाज चढला नाही की उतरला नाही. ते कोठीचं माप सांगावं तसं सांगत होते.

“बाराव्या दिवशी त्याचं तोंड उघडंना. धनुर्वात. तिथनं पाचव्या रोजी गेला. मातीला मंडळी आली हुती स्टुडिओची. जाताना म्हणाली, मिस्त्री, आत माणूस हुता हे कुठं बोलू नका. पिक्चर पडंल. मी बोललो न्हाई. त्याच्या बायकोनं सुदीक बघितला पिक्चर. तिला ठाऊक हुतं. ती मागच्या ओळीत बसली हुती, आणि पुढच्या बाया रडत हुत्या त्या पोलादरावासाठी.”

 विश्वजितला मधुकरकडे जावंसं वाटलं, आजच. त्याच्या दारात उभं राहून सांगावंसं वाटलं. आणि त्याचवेळी त्याला राग येत होता, या म्हाताऱ्याचा. सहा महिने ज्यांच्यापुढे तो मान खाली घालून बसला, त्यांचा.

“तुमचा सख्खा भाऊ, चाचा. लोकांनी काहीही म्हणू दे. एक कड घासायला किती वेळ लागतो? पाच मिनिटं. मी असतो तर…”

तो थांबला.

मिस्त्री वाट बघत होते. पण पुढचं वाक्य आलं नाही, कारण रणजितने फोन त्याच्यापुढे धरला होता.

“हे बघ. नुसतं बघ.”

छोट्या पडद्यावर पोलादराव शेडमधून चालत होता. उजवा पाय. मग डावा… फरफट, थबकणं, खांदा. पुढच्या पावलाला थबकणं जरा जास्त. त्यापुढच्याला कमी. मागे भिंत होती, कॅलेंडर होतं, सांगाडा उभा होता. तरी तो माळ वाटत होता. तो एकटा निघून जाणारा होता.

विश्वजितने ते एकदा पाहिलं. मग रणजितच्या हातातून फोन घेऊन परत पाहिलं.

“तीन वर्षं, विश्वा,” रणजित हलक्या आवाजात म्हणाला. “रविवारी हजारभर लोक येतील. त्या मोटारी राहू देत. तूच आत जा. दहा पावलं. फक्त दहा.”

“तुला होणार आहे का पण?” दुसरा कुणीतरी म्हणाला.

 विश्वजित तिसऱ्यांदा बघत होता.

मिस्त्री उठले. मोटारींच्या सांगाड्याजवळ हत्यारांचा ट्रे होता. त्यातली एक अर्धगोल कानस त्यांनी निवडली, अंगठ्याने तिचे दात तपासले, आणि येऊन विश्वजितपुढे धरली.



विश्वजितने कानस घेतली. कवचाच्या डाव्या पायाशी जाऊन उकिडवा बसला. कडेला अजून ओलं होतं. तिथं बोट लावून तो बराच वेळ बसून राहिला. पट्टीखाली पाय ठसठसत होता. कानस कडेला टेकली… आणि तशीच राहिली.

मग त्याने ती बाजूला फरशीवर ठेवली. आवाज होऊ नये अशी, हळूच.

“इंजेक्शन घेतो मी आज,” तो म्हणाला. मिस्त्रींकडे त्याने पाहिलं नाही. “आता काही तो काळ राहिलेला नाही, चाचा. आणि एक दिवसाचं तर आहे. रविवार होऊ दे. सोमवारी सकाळी पहिलं काम ते करतो. शब्द देतो तुम्हाला.”

मिस्त्रींनी टोपी नीट केली. खुर्चीला अडकवलेली पिशवी घेतली. दारापर्यंत गेले, उंबऱ्याशी थांबले, आणि विश्वजितच्या पायाकडे बघून म्हणाले :

“मग ती पट्टी सोडून ठेव. पट्टी असली की चाल बिघडती.”