मठाचं नवं छप्पर

"...आणि गळायचं तर नावच नको. आता तरी सांगा बुवा, काही उणं राहिलंय का?"

विचारणारे होते विद्याधर सापळे. त्यांचा पत्र्यांचा कारखाना होता. शाळा, गोदामं, दुकानं, बंगले... अर्ध्या जिल्ह्याच्या डोक्यावर त्यांचाच पत्रा. आता तो वर सड्याच्या माळावरच्या गवती मठावरही चढला होता, लालचुटुक आणि एका रेषेत. खालच्या वाडीला चकित करायचं म्हणून सापळ्यांनी काम गुपचूप उरकलं होतं.

त्रिंबकबुवांनी मान वर करून पाहिलं.

"नाही. उणं काही नाही."

एवढ्यानं सापळ्यांचं समाधान होईना. तरुणपणी याच मठात 'तुला धड केर काढता येत नाही' असं बुवांनी ऐकवलं होतं. आज त्यांना शाबासकी हवी होती, आणि ती बुवांच्याच तोंडून. म्हणून त्यांनी पुन्हा सगळा पाढा वाचला. याला आग लागत नाही, वाळवी लागत नाही, वादळात हा जागचा हलत नाही. रंगच असा की ऊन परतवून लावतो.

"आपल्या हयातीत कुणाला वर चढायला नको, बुवा."

"कुणालाच?"

"कुणालाच."

तेवढ्यात चढणीवर माणसं दिसू लागली. डोक्यावर गवताचे भारे होते. दर वैशाखात जुनं गवत उतरवून मठ नव्यानं शाकारायचा, हा वाडीचा रिवाज.

"तूच सांग त्यांना," म्हणून बुवा आत गेले.

सापळ्यांनी पायरीवर उभं राहून मोठ्या ऐटीत सांगितलं. म्हातारे बाबी धुरी कितीतरी वेळ छपराकडे बघत राहिले.

"बरा झाला," ते म्हणाले. "मगे आता आमका येवक नको?"

"नको. कधीच नको."

बाबींचा धाकटा भाऊ मागेच उभा होता. बांधाच्या भांडणावरून दोघांचं बोलणं कधीचंच तुटलेलं. वर्षातून या एका दिवशी मात्र धाकट्यानं खालून पेंढी द्यायची आणि थोरल्यानं वर धरायची.

आज दोघांनी आपापले भारे उचलले आणि दोन वेगळ्या वाटांनी ते उतरले. बाकीचेही पांगले.

अंगण रिकामं झालं. सापळ्यांना एकदम वाईट वाटू लागलं.

"बुवा... माझं काही चुकलं का?"

बुवा बाहेर आले. त्यांनी सापळ्यांपुढे केळीचं पान मांडलं. आत चुलीवर मोठाली पातेली वाफाळत होती.

"छप्पर झकास झालंय. शाबास. आता जेवायला बस... सगळ्या वाडीचं रांधलंय."