खिंडीतली बाई आणि चित्रातली बाई

फार फार पूर्वी, डोंगरांनी वेढलेलं एक राज्य होतं. आत यायला एकच खिंड, आणि त्या खिंडीवर एक बाई पहारा करायची. तिचा नवरा तिथेच लढताना गेला. त्याची तलवार हिने उचलली ती खाली ठेवलीच नाही. अंगात कापूस ठासून टाचलेली जाड बंडी, बंडीवर लोखंडाचे पत्रे, कासोटा घट्ट, केस फडक्यात बांधलेले. लांबून पाहणाऱ्याला बाई आहे की कणगी, कळायचं नाही. लुटारूंना मात्र बरोबर कळायचं. हाताखाली तिची नणंद आणि आणखी चार-दोन बाया. त्यांच्या जिवावर सगळं राज्य निवांत होतं.

त्या राज्यात एक चित्रवाला होता. कापडावर चित्रं काढायची, बाजारात टांगायची आणि डफ वाजवून गोष्ट सांगायची, हा त्याचा धंदा. त्याने खिंडीतल्या बाईचं चित्र काढलं. जशी होती तशीच काढली. लोक म्हणाले, "ही कसली बाई? गोधडी उभी केलीये नुसती!" आणि उठून गेले.

पुढच्या बाजाराला त्याने बंडी थोडी आखूड केली. लोक थांबले. त्याच्या पुढच्या बाजाराला पोट उघडं टाकलं. लोक पुढे सरकले. मग मांड्या उघड्या पडल्या, कंबर मुठीत मावेल एवढी झाली, केस मोकळे सुटले, आणि लोखंड उरलं ते दोन वाट्यांपुरतं. आता बाजारात पाय ठेवायला जागा राहीना. त्याच चित्रात शेजारी पुरुष शिपाई होते, ते डोक्यापासून पायापर्यंत लोखंडात. याचं कुणालाच काही वाटलं नाही.

खिंडीतल्या बाईला कुणीतरी हे सांगितलं, तेव्हा ती हसली. "कापडावरची बाई ती. तिला कुठे थंडी वाजते?" म्हणाली.

हसली, तिथेच चुकलं.

एकदा राजाकडे दूरदेशचे पाहुणे आले. त्यांनी चित्र पाहिलेलं. "ती बाई बघायची," म्हणाले. राजाने बोलावणं धाडलं. बाई आली, बंडीसकट, घामाने निथळत. पाहुण्यांची तोंडं उतरली. एक जण म्हणाला, "ही नव्हे हो, ती दुसरी!"

राजाला लाज वाटली. कशाची वाटावी? बाईच्या बंडीची. त्याने लोहाराला हुकूम सोडला, चित्रात आहे तसंच चिलखत घडव. लोहाराने बंडीवरचे पत्रे उचकटले, त्यातून दोन वाट्या घडवल्या, आणि उरलेलं लोखंड राजाच्या मेहुण्याच्या छातीवर चढवलं. मेहुणा तर जन्मात ओसरीखाली उतरला नव्हता.

बाईने ते चिलखत हातात धरून पाहिलं. "महाराज, पोट उघडं राहतंय. भाला आला तर?"

"तुझी तलवार एवढी चालते. भाला जवळ येईलच कसा?"

"मग मेहुणेसाहेबांना एवढं लोखंड कशाला?"

दरबार खो-खो हसला. राजा नाही हसला. म्हणाला, "घालायचं नसेल तर तलवार ठेव. उद्यापासून खिंडीवर मेहुणा बसेल."

मेहुणा बसला म्हणजे खिंड गेली, हे बाईला पक्कं ठाऊक होतं.

नणंद रडकुंडीला आली. "वहिनी, ह्यापेक्षा नुसतं लुगडं बरं. निदान पोट तरी झाकेल."

"वन्सं, मी नाही म्हटलं तर आत लेकरं कुणाच्या भरवशावर खेळतील?" बाई म्हणाली, आणि तिने ते अंगावर चढवलं.

आता लोक बाजारातून खिंडीत येऊ लागले. दगडांवर बसून शेंगा खायचे आणि ओरडायचे, "अहो बाई, जरा इकडे वळा की!" बाई पहारा कुठला करते! एक डोळा वाटेवर, एक अंगावर. खांद्यावरचा पट्टा सारखा घसरायचा, आणि डावा हात सारखा तो वर ओढायचा. हाताला तशी सवयच लागली.

आणि लुटारू आले. बाई लढली, पहिल्यासारखीच लढली. ऐन लढाईत पट्टा घसरला. डावा हात आपसूक तिकडे गेला. त्याच हातात ढाल होती. ढाल बाजूला झाली आणि भाला पोटात शिरला.

खिंड फुटली. राज्य लुटलं गेलं, घरं जळली. मेहुण्याला लोखंडाच्या वजनाने पळतासुद्धा आलं नाही, कोठारात पडून राहिला म्हणून वाचला. नणंदेने वहिनीला मूठमाती दिली, जगली-वाचली लेकरं गोळा केली आणि डोंगर उतरून गेली. राजाने राखेवर बसून सुस्कारा टाकला. म्हणाला, "तिने तलवार नीट चालवली नाही."

चित्रवाला आपलं कापड काखेत मारून शेजारच्या राज्यात गेला. बाजारात कापड टांगलं, डफावर थाप दिली. ही गर्दी जमली!

एका म्हाताऱ्याने विचारलं, "हिच्या पोटावर काहीच नाही. ही मेली नाही का रे?"

"छे हो, बाबा!" चित्रवाला म्हणाला. "हिला साधी जखमसुद्धा होत नाही!"

लोकांनी टाळ्या पिटल्या. सगळ्यांत पुढे त्या राज्याचा राजा बसला होता. त्याच्याही खिंडीवर एक बाई पहाऱ्याला होती. त्याने चित्राकडे बघत बघत हळूच विचारलं, "आपला लोहार कुठे आहे?"

तात्पर्य विचाराल तर एवढंच: ज्यांना बाईचं फक्त अंग बघायचं असतं, त्यांना तिचा जीव जाताना दिसत नाही.