फुगलेल्या बॅटरीचा अर्ज

विषय: फुगलेल्या बॅटरीला माळ्यावरून खाली उतरवण्याबाबत.

वस्तू बोलत असत त्या काळी एका माळ्याचा कारभार मोडक्या मिक्सरकडे होता. जुन्या मोबाइलची बॅटरी त्याला म्हणाली, "मिक्सरकाका, माझं पोट फुगलंय. उद्या सोसायटीत ई-कचऱ्याची गाडी येतेय. मला खाली ढकला, नाहीतर मी पेटेन."

"अगं, मालक म्हणतात, कधीतरी लागेल," मिक्सर म्हणाला. "आज तू गेलीस, तर उद्या माझ्यावर पाळी. रीतसर अर्ज कर, बघू."

बॅटरीने अर्ज केला. मिक्सरने त्यावर 'चर्चा करावी' असा शेरा मारला. गाडी आली आणि गेली. वैशाखातल्या एका दुपारी बॅटरीने पेट घेतला. आधी ती गेली, मग मिक्सर, मग खालचं घर.

नवा कारभारी अद्याप नेमलेला नाही. अर्ज प्रलंबित आहे.