मोटर बंद केल्यावर

“उद्याचा टँकर सोडू ना, तात्या?”

सत्यजितने विचारलं, पण उत्तर त्याने गृहीतच धरलं होतं. रसायनशास्त्राची मोठी पदवी, वर आठ महिन्यांची मेहनत. जुन्या टायरांची पूड गरम डांबरात घातली की ती हळूहळू तळाला बसते. कणाकणात मुरून तिला धरून ठेवणारं औषध त्याने तयार केलं होतं. उद्या याच डांबराने घाटातला रस्ता व्हायचा होता.

केरूतात्या डांबराच्या प्लांटवरचे सर्वांत जुने मिस्त्री. त्यांनी मान हलवल्याशिवाय टँकर फाटकाबाहेर जात नसे.

“पूड बसत न्हाई म्हणतोस?”

“एक कणही नाही. रोज तपासतो.”

तात्या उठले. टाकीतलं डांबर ढवळणाऱ्या मोटरचं बटण त्यांनी बंद केलं.

सत्यजितचा हात आपसूक बटणाकडे गेला.

“का रं?”

“बंद ठेवली तर पूड खाली बसेल, तात्या.”

बोलून गेल्यावर त्याचं त्यालाच ते ऐकू आलं...

“मग तुझं औषध काय करतंय?”

...

आठ महिन्यांत ती मोटर एकदाही थांबली नव्हती. एवढ्या शिकलेल्या माणसाला हे सुचायला हवं होतं, पण नाही सुचलं. आणि टँकरमध्ये ढवळायला काही नसतं. घाट चार तासांवर.

दोघे टाकीपाशी चार तास बसून राहिले. मग तात्यांनी वरच्या आणि खालच्या नळाचं डांबर दोन पत्र्यांवर ओतलं.

वरचं गुळगुळीत होतं. खालचं रवाळ.

सत्यजितला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

“उद्याचा टँकर नको,” तो स्वतःच म्हणाला.



डांबर गार झालं. तरी तो तिथून हलला नाही. खालच्या पत्र्यावरचा एक कण त्याने उचलला, पुसला, चिमटीत दाबला. पुन्हा दाबला.

“तात्या, हा बाहेरून मऊ झालाय. आत मात्र टणकच आहे. औषध निम्म्या वाटेत थांबलंय... असं का?”

तात्यांनी तो कण तळहातावर घेतला. उन्हात धरून बराच वेळ पाहिला.

“मला न्हाई ठाऊक,” ते म्हणाले. “पण तू ‘का’ इचारलंस. आता तुला काही शिकवता येईल.”