जप्तीचं दूध

लढाई पेटली आणि राजाने हुकूम काढला, की राज्यातून दूधदाणा बाहेर जाता कामा नये. भागाबाई धनगरणीची लेक सीमेपलीकडच्या गावात बाळंतपणात वारली होती. नातवासाठी नेलेलं शेळीचं दूध नाक्यावर अडवलं, तेव्हा भागाबाई तान्ह्यालाच अलीकडे घेऊन आली आणि सगळ्यांसमोर तिने त्याला ते दूध पोटभर पाजलं.

ती बाळाला घेऊन परत पलीकडे निघाली, तसे नाकेदार जिवाजीराव गरजले, “म्हातारे, पोटातून नेलंस तरी ते दूधच. जप्त होईल.”

भागाबाईने बाळ त्यांच्या हातांवर ठेवलं. “करा जप्त, सरकार. फक्त प्रहरा-प्रहराला पाजत राहा, नाहीतर माल हातचा जाईल.”

बाळाने जिवाजीरावांचं बोट घट्ट धरलं होतं. त्यांनी ते हलकेच सोडवलं आणि बाळ परत दिलं.

“जा आजी,” ते हळू आवाजात म्हणाले, “तुमच्यापुढे हुकूम थिटा पडला.”