खांबाखालचं ताट

"बाबा, एकच सांगा. खांब तोडायचा की नाही?"

भेरूनं हे तिसऱ्यांदा विचारलं. खेमाबाबा खाणीच्या तोंडाशी भाकरी थापत होते.

अरवलीच्या डोंगरातली चांदी-शिशाची जुनी खाण ती. आत खोलवर एक खांब होता, दगड खोदताना मुद्दाम राखलेला. सगळं छत त्याच्यावर. आणि चांदीही सगळ्यात जास्त नेमकी त्याच्यातच! किल्लेदाराचा हुकूम आला होता: आज खांब तोडा, नाहीतर खेमाबाबांना बेड्या.

बाबांच्या हाताखाली चाळीस माणसं घडली. भेरू त्यातला सगळ्यात हुशार. पण मुकादम झाल्यापासून त्याला शिंगं फुटली होती.

"मी लाकडाचे टेकू लावतो. तुम्ही उगाच घाबरता."

"मग तोड."

"खरंच?"

"तोड की. फक्त खाणीची रीत पाळ. ज्याच्या शब्दानं खांब तुटतो, त्यानं तो तुटेपर्यंत खाली जेवत बसायचं."

"बसतो! मी काय भितो?"

"तू घण मारणारा. शब्द कुणाचा?"

"...किल्लेदारांचा."

"मग त्यांना जेवायला बोलाव."

"अहो, ते किल्लेदार आहेत!"

"म्हणून तर तूप वाढतोय."

बाबा ताट आणि दिवा घेऊन खाली उतरले, खांबाशी जाऊन बसले. भेरू निरोप घेऊन गेला. जाणार नाही तर करतो काय!

किल्लेदार घोड्यावरून आला, चार शिपाई घेऊन. खाणीच्या तोंडातून त्यानं वाकून पाहिलं. आतून खडे पडल्याचा आवाज आला.

"म्हाताऱ्याला ओढून वर आणा!"

शिपाई एकमेकांकडे बघू लागले. एकाच्या तर पोटातच दुखायला लागलं. उंटावरून शेळ्या हाकणाऱ्याची माणसंही त्याच्यासारखीच असायची.

किल्लेदार भेरूवर उखडला. "तू मुकादम ना? जा, तोड. म्हातारा खाली असला तरी तोड!"

भेरू घण घेऊन उतरला.

"बाबा, वर चला. पाया पडतो तुमच्या."

बाबा हलले नाहीत. त्यांनी खांबावर हात फिरवला, एका जागी बोट टेकवलं.

"इथे मार. इथून लवकर तुटेल."

"बाबा..."

"शिकवलंय ना तुला? मग मार."

भेरूनं घण उचलला. छतातून एक खडा सुटला आणि ताटात पडला. बाबांनी तो भाकरीवरून उचलला, बाजूला ठेवला. वर बघितलंसुद्धा नाही.

खाणीतली चाळीस माणसं भेरूला आठवली. त्यांची नावं, त्यांची घरं. उद्या ती सगळी इथेच, या छताखाली उतरणार होती. लाकडाचे टेकू! कुणाला फसवत होतो आपण? लाजेनं त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

त्यानं घण खाली ठेवला. बाबांशेजारी मांडी घातली आणि खांबाला पाठ टेकली.

वरून किल्लेदार ओरडला, "ए मुकादम! काय झालं? तोडलास का?"

भेरूनं डोळे पुसले.

"बाबा, काय सांगू त्यांना?"

"सांग, लवकर या. पाहुण्याला गार भाकरी वाढायची आपल्यात रीत नाही."