शालनला शब्द हवे होते

दिवसभर मागांची खडखड चालणाऱ्या एका गावात अण्णाप्पा मगदूम नावाचा कारकून राहत होता. हायस्कूलच्या ऑफिसात त्याची नोकरी होती. माणूस कामाला चोख, वागायला सरळ. फक्त चार लोक आपल्याला काय म्हणतील, या धास्तीनं त्याला आयुष्यभर वाकवलं होतं.

त्याची बायको शालन. तिनं बावीस वर्षं यंत्रमागाच्या शेडमध्ये कांड्या भरल्या, म्हणजे मागाला लागणारं सूत छोट्या नळ्यांवर गुंडाळून दिलं. शेडमध्ये चाळीस माग एकदम चालत. तिथं शेजारी उभ्या असलेल्या बाईचं बोलणंही कानांवर पडत नसे. म्हणून सगळ्या बायका एकमेकींचे ओठ बघून बोलणं समजून घेत. शालन त्यात फार तरबेज होती.

त्या आवाजात शालनचे कान हळूहळू गेले. ठार बहिरी झाली नाही. आवाज येई, पण सगळ्याचा काला होई. कानाचं यंत्र लावून पाहिलं, तर भांडी आपटल्याचा आवाजच डोक्यात घुसे. तिनं ते काढून कपाटात ठेवलं.

संध्याकाळी ती टीव्ही मोठ्यानं लावी. तरीही शब्द कळत नसत. टीव्हीतली माणसं काही दर वेळी तिच्याकडे तोंड करून बोलत नसत. शेजारचे म्हणत, "मगदूम, तुमच्या घरात जत्रा भरलीय काय?"

अण्णाप्पा हसून सांगे, "आमची दीपाली लावते हो. कॉलेजची पोरगी, ऐकतेय कुठं!"

दीपाली आतून ऐकत असे. आईसाठी ती गप्प बसे.

एके दिवशी शेडच्या मालकानं माग विकले. जुन्या बायकांना त्यानं जाताना थोडी रक्कम दिली. शालननं त्यातले बारा हजार बाजूला काढले आणि नवऱ्याच्या हातात ठेवले.

"टीव्हीला जोडायचा स्पीकर घेऊया," ती म्हणाली. "मला मोठा आवाज नको. माणसं काय बोलत्यात तेवढं कळलं पायजे."

"घेऊ की," अण्णाप्पा म्हणाला. "दुकानात जाऊनच बघू."

दुसऱ्या दिवशी त्यानं शाळेत देसाई सरांना विचारलं. देसाई सर गणित शिकवत. त्यांच्या घरी मोठा होम थिएटर होता.

"पाच स्पीकरचा घ्या," सर म्हणाले. "कोपऱ्याकोपऱ्यात डबे, खाली भलामोठा बॉक्स. ढोल वाजला की छातीत धडधड होते. आमच्याकडे आलेला माणूस तोंडात बोट घालतो!"

अण्णाप्पानं मनातल्या मनात आपल्या खोलीचे चार कोपरे मोजले. आपल्या घरी आलेला माणूसही तोंडात बोट घालील, असं त्याला दिसू लागलं. शालन काय म्हणाली होती, ते मागं पडलं.

रविवारी सकाळी नवरा-बायको बाजारपेठेतल्या दुकानात गेले. दुकान जुबेदा मुजावर यांचं. सगळं गाव त्यांना भाभी म्हणे. रेडिओ दुरुस्तीपासून त्यांनी सुरुवात केली होती. गिऱ्हाइकाला काय हवंय, ते विचारल्याशिवाय त्या खोका उघडत नसत.

"खोली केवढी आहे?" भाभींनी विचारलं.

"दहा बाय बारा."

"बघता काय? गाणी, मारामारीचे सिनेमे, का मालिका?"

"सगळंच."

"घरात कुणाला कमी ऐकू येतं का?"

अण्णाप्पा उत्तर देणार, एवढ्यात त्याचं लक्ष बाजूला गेलं. त्याच्याच शाळेतल्या दोन शिक्षिका तिथं मिक्सर बघत होत्या. त्यांनी मान वळवून नमस्कार केला.

"छे छे!" अण्णाप्पा मोठ्यानं म्हणाला. "आमच्या घरात सगळ्यांचे कान शाबूत आहेत."

शालन त्याच्या शेजारीच उभी होती. तिनं त्याच्या ओठांवरचा शब्द न् शब्द वाचला. तिनं मान खाली घातली आणि पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत राहिली. अण्णाप्पानं तिच्याकडे पाहिलंच नाही.

भाभींनी एक लांबट, हातभर स्पीकर काढला. दिसायला अगदी साधा. टीव्हीखाली ठेवायची नुसती एक पट्टी. "ह्याला साउंडबार म्हणतात," त्या म्हणाल्या. "ह्यात बोलणं वेगळं उचलून देणारं बटण आहे. बारा हजारांत पाच डबे घेतलेत, तर पाचही हलके येणार. त्यापेक्षा एकच घ्या, पण नीट घ्या. दहा बाय बाराच्या खोलीत धडधड मावत नाही, साहेब. आवाज मोठा करणं सोपं असतं. शब्द स्वच्छ येणं महत्त्वाचं."

अण्णाप्पानं त्या पट्टीकडे पाहिलं. मग त्या शिक्षिकांकडे पाहिलं. एवढीशी पट्टी घेऊन त्यांच्यासमोरून जायचं, हे त्याला जड झालं.

"तो दाखवा," तो म्हणाला.

कोपऱ्यात पाच डब्यांचा संच होता. मोठ्या बॉक्सवर निळे दिवे लुकलुकत होते. कंपनीचं नाव कुणी कधी ऐकलं नव्हतं, पण खोक्यावरचे आकडे डोळे दिपवणारे होते.

"आकड्यांवर जाऊ नका," भाभी म्हणाल्या. "बाईंना ऐकवा आधी. बसा हो ताई."

"तिला काय त्यातलं कळतंय?" अण्णाप्पा म्हणाला. "द्या बांधून."

खोका रिक्षात कसाबसा मावला, एवढा मोठा होता. अण्णाप्पाला त्याचंच सुख झालं.

पुढच्या रविवारी दुपारी त्यानं देसाई सरांना आणि त्यांच्या पत्नीला चहाला बोलावलं. शेजारचंही एक जोडपं आलं. अण्णाप्पानं सिनेमा लावला. बॉक्स घुमू लागला. फडताळातल्या ताटल्या थरथरल्या. शेजारी म्हणाला, "वा, मगदूम! थेटरच आणलंत की घरात!"

अण्णाप्पाची छाती फुगली.

सिनेमा विनोदी होता. सगळे हसत होते. शालनही हसत होती. पण दीपालीनं एक गोष्ट पाहिली. आई पडद्याकडे बघतच नव्हती. ती पाहुण्यांच्या चेहऱ्यांकडे बघत होती. ते हसले, की त्यांच्या पाठोपाठ, किंचित उशिरा, ती हसत होती.

मध्यंतरानंतर सिनेमा गंभीर झाला. सिनेमातली आई अंथरुणावर पडून मुलासाठी शेवटचं पत्र सांगत होती. पडद्यावर तिची पाठ दिसत होती आणि लिहिणाऱ्या मुलीचे हात. खोलीत सगळे स्तब्ध बसले होते. तेवढ्यात देसाई बाईंना दिसलं, की आपला नवरा खुर्चीत पेंगतोय. त्यांनी शेजारणीला डोळ्यांनी खुणावलं. दोघी गालातल्या गालात हसल्या.

शालननं ते हसू पाहिलं. तिला वाटलं, पुन्हा विनोद झाला. ती मोकळेपणानं, मोठ्यानं हसली.

सगळ्यांनी वळून पाहिलं. देसाई सर दचकून जागे झाले. शालनचं हसू ओठांवरच थिजलं.

"काय झालं हो वहिनी?" देसाई बाईंनी विचारलं.

'तिला कमी ऐकू येतं' एवढं एक वाक्य अण्णाप्पा बोलला असता, तर सगळं निभावलं असतं. पण ते वाक्य त्याच्या तोंडून निघालं नाही.

"तिचं काही मनावर घेऊ नका," तो ओशाळं हसत म्हणाला. "जरा तशीच आहे ती. कुठं हसावं, तिला समजत नाही."

शालन त्याच्या तोंडाकडेच बघत होती. ती उठली आणि चहा करायला आत गेली. चहा झाल्यावर कप मात्र दीपालीनं बाहेर आणले.

पाहुणे गेले. दीपालीनं टीव्ही बंद केला.

"बाबा," ती म्हणाली, "आईला ऐकू येत नाही असं सांगायची तुम्हाला लाज वाटली. ती वेडी आहे असं सांगायची नाही वाटली?"

अण्णाप्पा चिडला. "हळू बोल. तिला ऐकू जाईल."

बोलून गेल्यावर त्याचं त्यालाच कळलं, आपण काय बोललो ते. जिला ऐकू येत नाही हे तो लोकांपासून लपवत होता, तिलाच ऐकू जाईल म्हणून तो घाबरला होता.

"तिला ऐकू जायची गरज नाही," दीपाली म्हणाली. "ती ओठ वाचते. आज वाचलं. दुकानातही वाचलं होतं. घरी येऊन मला म्हणाली, तुझ्या बाबांना माझी लाज वाटते, तू त्यांना काही बोलू नकोस. आठ दिवस मी बोलले नाही."

अण्णाप्पा खाली बसला. दुकानातली शालन त्याला आता आठवली. खाली घातलेली मान, बोटाला गुंडाळलेला पिशवीचा बंद. त्याचे कान तापले. आजवर तो लोकांसमोर लाजला होता. स्वतःच्या घरात, कुणी बघत नसताना, अशी लाज त्याला कधी वाटली नव्हती. ती कुठं ठेवावी हे त्याला कळेना.

बऱ्याच वेळानं तो स्वयंपाकघराच्या दाराशी गेला. शालन कप विसळत होती. त्याला तिच्या तोंडाकडे बघवेना. तो भिंतीकडे बघून पुटपुटला, "चुकलं माझं."

शालननं वळून पाहिलं. "काय म्हणालासा? इकडं बघून बोला. भिंतीला सांगितलेलं मला कळत न्हाई."

आता पळवाट उरली नाही. अण्णाप्पाला तिच्याकडे तोंड करावं लागलं. एकेक शब्द ओठांवर नीट आणून बोलावा लागला.

"मला तुझी लाज वाटली. म्हणून मी दुकानात खोटं बोललो. म्हणून आज तुला नको ते म्हणालो. पैसे तुझे होते, आणि मी माझ्या मिरवण्यासाठी ते डबे आणले."

शालननं ओला हात पदराला पुसला.

"माझे कान काय जत्रंत हरवले न्हाईत," ती म्हणाली. "ह्या घरासाठी गेले. दीपालीची फी त्या मागांच्या आवाजातनंच आली. त्याची लाज कशाला वाटावी माणसाला?"

ती रडली असती, ओरडली असती, तर अण्णाप्पाला बरं वाटलं असतं. ती पुन्हा कप विसळू लागली.

दुसऱ्या दिवशी शाळेत अर्ध्या दिवसाची रजा टाकून त्यानं तो मोठा खोका पुन्हा रिक्षात चढवला. शालनला सोबत घेतलं. दुकानात गर्दी होती. ओळखीची दोन-तीन माणसं होती. तरी अण्णाप्पा सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलला.

"भाभी, त्या दिवशी तुम्ही विचारलं होतं, घरात कुणाला कमी ऐकू येतं का. मी नाही म्हणालो. ते खोटं होतं. माझ्या बायकोला कमी ऐकू येतं. मागावर काम करून कान गेलेत तिचे. हा स्पीकर तिच्यासाठीच घ्यायचा होता."

कुणी हसलं नाही. एक म्हातारा विणकर मात्र आपल्याही कानाकडे बोट दाखवून शालनकडे बघत मान डोलावून गेला.

"उघडलेला माल नवा म्हणून विकता येत नाही मला," भाभी म्हणाल्या. "जुन्याच्या भावात घेते."

"घ्या," अण्णाप्पा म्हणाला. कमी पडलं ते त्यानं आपल्या पगारातून घातलं. शालनच्या पैशांना पुन्हा हात लावायचा त्याला धीर झाला नाही.

भाभींनी शालनला खुर्चीत बसवलं. समोर तीन स्पीकर एकामागून एक लावले. बातम्या लावल्या. "ताई, डोळे मिटा आणि काय ऐकू येतंय ते सांगा."

पहिल्या वेळी शालननं नकारार्थी मान हलवली. दुसऱ्या वेळी चार-दोन शब्द सांगितले. तिसरी ती साधी पट्टी होती. भाभींनी बटण दाबलं, ढणढण कमी केली. शालन डोळे मिटून बसली. मग ती सावकाश बोलू लागली, "उद्या... दुपारनंतर... पाणीपुरवठा... बंद ऱ्हाणार." तिनं डोळे उघडले. "सगळं न्हाई कळलं. पण हे कळलं." आणि तिनं स्वतःच ती पट्टी उचलली.

मंगळवारी शाळेत देसाई सरांनी विचारलं, "काय मगदूम, कसा वाजतोय होम थिएटर?"

अण्णाप्पानं सांगितलं. काही लपवलं नाही. दुकानातलं खोटं सांगितलं, चहाच्या दिवशीचं सांगितलं. सांगताना त्याची मान वर होत नव्हती. सर आता हसतील असं त्याला वाटत होतं.

देसाई सर हसले नाहीत. हातातला खडू त्यांनी टेबलावर ठेवला.

"माझी आई," ते म्हणाले, "आम्ही तो होम थिएटर आणल्यापासून हॉलमध्ये बसायला येत नाही. पलीकडच्या खोलीत एकटी बसते. आम्हाला वाटलं, तिला टीव्ही आवडत नाही. आम्ही तिला कधी विचारलंच नाही, मगदूम."

तासाची घंटा झाली. सर वर्गाकडे निघाले, पण दाराशी थबकले आणि परत येऊन आईला घेऊन जाण्यासाठी भाभींच्या दुकानाची वेळ कागदावर लिहून घेऊन गेले.

तात्पर्य: साधी वस्तू घेण्यात कमीपणा नाही आणि आपल्या माणसाच्या उणिवेतही नाही, ज्याच्यासाठी घ्यायचं त्यालाच न विचारता लोकांसाठी घेणं, ही खरी लाजेची गोष्ट आहे.